समजून घ्या : ‘सैल’ अणुकेंद्रक का फुटते? होमी भाभांशी त्याचा काय संबंध?

डिजिटल डेस्क, धाराशिव : कडब्याची आवळून बांधलेली पेंढी गंजीवर फेकली तर अख्खी पोहोचते. सैल पेंढी वाटेतच सुटते. काही अणुकेंद्रकांचेही तसेच असते. मुंबईत कुलाब्याला त्यांचा अभ्यास होतो, तो डॉ. होमी भाभा यांनी उभारलेल्या संस्थेत.

इंजिनिअरिंग झाले, मन मात्र भौतिकशास्त्रात
भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि १९३० मध्ये मेकॅनिकलची परीक्षा पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाले. त्यानंतर वडिलांनी त्यांना आवडीचा विषय शिकू दिला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळल्यावर कसे विखुरतात, याचे त्यांनी मांडलेले गणित आज ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणून ओळखले जाते.

सुट्टी संपलीच नाही
१९३९ मध्ये ते सुट्टीवर आले, महायुद्ध पेटले आणि परतणे राहून गेले. बेंगळुरूत काम करताना त्यांना प्रश्न पडला : अणुविज्ञानातले तज्ज्ञ भारतातच का घडू नयेत? १९४४ मध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. १९५६ मध्ये तुर्भ्यात ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी युरोपातील माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून ५६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कुलाब्यात काय चालते?
बहुतेक स्थिर केंद्रकांतून एक कण उपटायला सुमारे ८० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. लिथियम-६ मात्र सुमारे १५ लाखांतच अल्फा कण आणि ड्यूटेरॉन अशा दोन तुकड्यांत फुटते. ते जड केंद्रकाजवळ गेले की कधी एकच तुकडा आत सामावतो, दुसरा निसटतो. त्यामुळे पूर्ण संमीलन अपेक्षेपेक्षा कमी होते.

हे मोजायला कुलाब्यातील पेलेट्रॉन यंत्र वापरतात. टाटा संस्था आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचे हे १४० लाख व्होल्ट क्षमतेचे त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाले. ताऱ्यांत मूलद्रव्ये कशी बनतात, हे समजण्यासही अशा मोजमापांची मदत होते. भाभांनी हे यंत्र पाहिले नाही. मात्र असे प्रयोग करायला परदेशातच जावे लागू नये, यासाठीच त्यांनी ही संस्था उभी केली होती.