हार्टेकॅम्पची केळ

इ. स. १७२८ साली कार्ल लिनियस नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात शिकावयास आला. त्याचे वडील खेड्यातील धर्मोपदेशक होते. त्यांना बागेचे वेड होते आणि मुलाने तेच उचलले होते. पैसा मात्र घरात बेताचाच. जोड्यांचे तळ झिजले, तेव्हा आत कागद घालून त्याने दिवस काढले. पण झाडाझुडपांचा नाद सोडला नाही.

१७३५ साली तो हॉलंडात गेला. तेथे वैद्यकाची पदवी मिळाल्यावर, हार्लेम शहराजवळील हार्टेकॅम्प येथे जॉर्ज क्लिफर्ड या धनिकाने त्याला आपला वैद्य आणि बागेवरील देखरेख्या म्हणून ठेवून घेतले. क्लिफर्ड हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक. दूरदेशींहून आणलेली झाडे त्याच्या काचगृहांत ऊब देऊन जगविली जात. त्यांत एक केळ होती. आपल्या परसात मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या केळीचे कोणास काय कौतुक! पण त्या थंड मुलखात ती जगणे हेच पुष्कळ. फुलणे तर दूरच.

लिनियसने केळीच्या मायदेशाचा विचार केला. उष्ण प्रदेशांत कोरड्या दिवसांमागून मुसळधार पाऊस येतो. त्याने केळ सकस मातीत लावली, कित्येक आठवडे तिचे पाणी तोडले आणि मग पावसाची झड लागावी तसे तिला भरपूर पाणी घातले. नव्या नोकराने मालकाच्या दुर्मिळ झाडाला असे तहानेले ठेवावे, हे धाडसच होते. झाड वाळते, तर त्याचा बोल त्यालाच लागता.

१७३६ च्या आरंभी, बाहेर कडाक्याचा हिवाळा असताना, काचगृहातील त्या केळीच्या पोटातून केळफूल बाहेर पडले. त्याची जांभळट आवरणे एकामागून एक उचलली गेली आणि त्यांखाली फुलांच्या ओळी दिसू लागल्या. पुढे फळेही धरली. त्या एकाच झाडावर लिनियसने त्याच वर्षी एक छोटे पुस्तक छापविले.

ज्या उप्सालात त्याने कागद घातलेले जोडे वापरले, तेथेच १७४१ साली तो प्राध्यापक झाला. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने हजारो वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली. केळीच्या वाट्यास आलेले नाव म्युसा पॅराडिसियाका. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ नंदनवनातील. १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथेच त्याचे देहावसान झाले.