हाफकिन साहेब

आमच्या खेडेगावांतील मंडळ्यांमध्ये मुलींच्या आया हल्ली एक गोष्ट दबल्या आवाजाने विचारीत असतात. गर्भाशयाच्या मुखाशी होणारा कर्करोग टळावा म्हणून नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींस जी लस टोचतात, ती टोचून घ्यावी की न घ्यावी? हा रोग बहुतेक सर्व प्रसंगी एका विषाणूमुळे होतो, लस त्या विषाणूस आधीच अटकाव करिते, आणि पुण्यास तयार होणाऱ्या अशा एका लसीस सन २०२२ साली सरकारची परवानगी मिळाली आहे, हे सर्व दवाखान्यातील बाई समजावून सांगतात. तरी मन घेत नाही. निरोगी शरीरात सुईने काही घालावे ही गोष्टच मनुष्यास मुळी विपरीत वाटते. ह्या भीतीस हसणे योग्य नव्हे. ती फार जुनी आहे. आणि तिच्याशी ज्यांनी सारे आयुष्य झुंज घेतली, व शेवटी तिच्याच तडाख्यात जे सापडले, अशा एका पुरुषाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवितो. मुंबईस परळ येथे त्यांच्या नावाची संस्था आहे. परंतु ते नाव कोणाचे, हे सांगता येणारे फार थोडे.

वाल्डेमार हाफकिन ह्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियाच्या बादशाहीत होते. आता ते युक्रेन देशात आहे. तेथील विद्यापीठात त्यांस मेच्निकॉफ हे थोर गुरू लाभले. सन १८८१ साली रशियाच्या बादशहाचा खून झाला, आणि त्यानंतर जागोजाग यहूदी लोकांच्या घरांवर दंगेखोरांचे हल्ले होऊ लागले. हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी इतर तरुणांबरोबर उभे राहिले, जखमी झाले, आणि वर त्यांसच कैद झाली. मेच्निकॉफ ह्यांच्या खटपटीने ते सुटले. पुढे विद्यापीठात त्यांस जागा मिळावयाची, तर रशियन ऑर्थोडॉक्स मंडळीत बाप्तिस्मा घेतला पाहिजे, अशी अट पडली. ती त्यांनी मान्य केली नाही. पोटाची भाकर पुढे करून जे मनुष्याचा धर्म बदलू पाहतात, ते धर्माची कोणती सेवा करितात हे आम्हांस कळत नाही. हाफकिन ह्यांनी नकार दिला ह्यात आम्ही त्यांचा मोठेपणाच मानितो.

सन १८८८ साली ते जिनीव्हास गेले व पुढील वर्षी पॅरिसला पाश्चर ह्यांच्या विख्यात संस्थेत दाखल झाले. तेथे रिकामी जागा एकच होती, ती ग्रंथालयात दुय्यम नोकराची. तीच त्यांनी पत्करली. पुस्तकांची कामे आटोपली म्हणजे उरल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. त्यांनी मन घातले ते पटकीच्या रोगात. जेन्नर ह्यांनी देवीची लस शोधल्यास तेव्हा शंभर वर्षे होत आली होती, आणि आपल्या मुंबईत तर सन १८०२ सालीच एका तीन वर्षांच्या मुलीस ती टोचून हिंदुस्थानात तिचा आरंभ झाला होता; पण पटकीवर काही उपाय नव्हता. हाफकिन ह्यांनी पटकीचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांतील काही दुर्बळ केले व काही अधिक प्रबळ केले. प्रथम दुर्बळ जंतू टोचावयाचे, आणि शरीर त्यांच्याशी लढावयास शिकले म्हणजे काही दिवसांनी प्रबळ टोचावयाचे, अशी ही रीत. जनावरांवर ती सिद्ध झाली. मनुष्यास सोसेल की नाही हे कोणास ठाऊक नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, आणि थोड्याच दिवसांत ते बरे झाले.

लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते व त्या वेळी पॅरिसला इंग्रजांचे वकील होते. पटकीचे माहेरघर बंगाल, तेव्हा तेथेच जाऊन ह्या लसीची परीक्षा पाहावी, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले. परका मनुष्य, बोली निराळी, हातात सुई. लोकांनी त्यांचे स्वागत कसे केले असेल ते सांगावयास नको. कलकत्त्याच्या एका वस्तीत त्यांच्यावर दगड पडले. तेव्हा त्यांनी काय केले? शिपाई बोलाविले नाहीत. सर्वांच्या देखत त्यांनी आणि त्यांच्या सोबत्याने आपापल्या अंगावरील कपडा वर करून एकमेकांस टोचून घेतले. ते पाहून लोक हळूहळू पुढे आले. त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टर असत. लोकांच्या भाषेत लोकांशी बोलणारे हे साहाय्यक नसते तर हाफकिन ह्यांचे काम एक पाऊलही पुढे गेले नसते, असे आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. लस लागू पडली की नाही हे ते कोणाच्या सांगण्यावर सोडीत नसत. एकाच वस्तीत, एकच पाणी पिणाऱ्या लोकांपैकी ज्यांनी लस घेतली त्यांची व ज्यांनी घेतली नाही त्यांची वेगळी गणती ते ठेवीत. सन १८९४ साली कलकत्त्याच्या एका वस्तीतील सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. पुढे तेथे आणखी दहा जणांस पटकी झाली व त्यांपैकी सात दगावले. ते दहाही लस न घेतलेले होते. ही गोष्ट शेजाऱ्याने शेजाऱ्यास सांगितली, आणि मग ज्या लोकांनी दगड मारिले तेच टोचून घ्यावयास येऊ लागले. सक्ती कोणावर नव्हती.

आसामातील चहाच्या मळ्यांपर्यंत ते फिरले, हिवतापाने खंगले, व सन १८९५ साली विश्रांतीस युरोपात गेले. ते परत येतात तो मुंबईवर दुसरेच संकट कोसळले. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉक्टर आकासियो व्हिएगस ह्या गोमंतकीय वैद्यांनी प्लेग ओळखिला, ज्यास त्या काळी ग्रंथिक सन्निपात म्हणत. सरकारने हाफकिन ह्यांस कलकत्त्याहून बोलाविले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्यापुढील पडवी एवढी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढी माणसे, ह्यांवर त्यांनी कामास आरंभ केला. मांसाच्या रश्शात ते प्लेगचे जंतू वाढवीत, आणि त्यावर तुपाचे थेंब सोडीत. त्या तरंगत्या थेंबांस धरून जंतूंच्या झुंबरासारख्या लांब तारा खाली लोंबत. मग तो रस्सा तापवून जंतू मारावयाचे व त्यात कार्बोलिक घालावयाचे. म्हणजे ह्या लसीत जिवंत जंतू नव्हता. तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. काम इतके जिवावरचे होते की साहाय्यक सोडून गेले. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन ह्यांनी पुढे इतरांस देण्यात आली त्याच्या तिपटीहून अधिक लस स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी राजी झाले त्यांस टोचण्यात आले, त्यांपैकी प्लेगने कोणी मेला नाही, आणि न टोचलेल्यांपैकी कित्येक मेले. तिसरे आगाखान, ज्यांचे वय त्या वेळी अवघे वीस वर्षांचे, त्यांनी आपला बंगला प्रयोगशाळेस दिला, आणि आपल्या खोजा समाजाची भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष एकदा नव्हे तर अनेकदा टोचून घेतले.

वाचकहो, ते दिवस महाराष्ट्रास विसरता येण्याजोगे नाहीत. घरात उंदीर पडला की लोक चूलभांडी घेऊन माळावर झोपड्या घालून राहत. पुण्यास १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करिता करिता प्लेगनेच वारल्या. सरकारने घरांत सोल्जर घातले, देवघरापर्यंत झडत्या घेतल्या, माणसे ओढून इस्पितळात नेली; आणि त्याचा शेवट २२ जून रोजी रँड साहेबांवर गोळी झाडण्यात झाला. हाफकिन ह्यांची लस ही ह्या जुलमाहून निराळी गोष्ट होती, ती ज्याच्या त्याच्या खुषीची होती. पण घाबरलेल्या मनास हा भेद कोठून कळावा? सोल्जर सरकारचा आणि सुईही सरकारची, असेच लोक समजले, व नाना प्रकारच्या कंड्या पिकल्या. जबरदस्तीने जो अविश्वास उत्पन्न होतो त्याचे फळ पुष्कळदा निरपराध्यास भोगावे लागते.

लसीविषयी खरे तेही सांगितले पाहिजे. तिने एकदोन दिवस ताप येई व हात दुखे. ती घेतलेल्यांसही कधी कधी प्लेग होई. मात्र न घेतलेल्यांहून तो पुष्कळ कमी जणांस होई, आणि त्यांतून वाचणारे अधिक असत. कर्करोगाच्या हल्लीच्या लसीचेही असेच आहे. ती त्या विषाणूच्या मुख्य जातींस अटकाव करिते, सर्वच जातींस नव्हे. म्हणून लस घेतलेल्या स्त्रीनेही तिशीनंतर गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करविली पाहिजे.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात गेली, आणि तेथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. मग ३० ऑक्टोबर १९०२ हा दिवस आला. पंजाबात मलकोवाल नावाचे गाव आहे, ते आता पाकिस्तानात गेले. त्या दिवशी तेथे १०७ लोकांस पाच कुप्यांतून टोचण्यात आले. त्यांपैकी ५३ एन ह्या एका कुपीतून ज्या १९ जणांस टोचिले, ते सर्वच्या सर्व धनुर्वाताने मेले. एकोणीस घरे. हा आकडा वाचून पुढे जाणे सोपे आहे. परंतु त्या गावातील जे लोक लस चांगली म्हणून भरवशाने हात पुढे करून उभे राहिले, त्यांचेच हे मरण होते.

चौकशी बसली. पंजाबची मोठी मागणी पुरविण्यासाठी हाफकिन ह्यांनी रीत बदलून कार्बोलिक वगळले होते. त्यावर बोट ठेवून, विष परळच्या प्रयोगशाळेतच शिरले असावे, असा ठपका चौकशी करणाऱ्यांनी ठेविला. हाफकिन ह्यांस कामावरून दूर करण्यात आले, आणि सन १९०४ साली ते हिंदुस्थान सोडून गेले. जबान्या छापून निघाल्या तेव्हा एक लहानशी गोष्ट उजेडात आली. ती कुपी उघडते वेळी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट उकळून न घेता तसाच औषधात बुडवून त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो. शिवाय विष आधीपासून कुपीत वाढले असते तर उघडताच घाण वास आला असता. तसा वास आला नव्हता, आणि त्याच घाण्यातील बाकीच्या कुप्या निर्दोष ठरल्या होत्या. रोनाल्ड रॉस, ज्यांनी डासांपासून हिवताप होतो हे सिद्ध केले, त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात हाफकिन ह्यांच्या निर्दोषपणाविषयी लिहिले. त्या वर्षाच्या अखेरीस ते दोषमुक्त झाले. पाच वर्षे गेली होती.

अशा प्रसंगी दोन चुका होतात. सन २००९ साली आंध्र व गुजरात प्रांतांत कर्करोगाची लस हजारो मुलींस टोचण्यात आली, आणि त्यांपैकी सात मुली मेल्या म्हणून सन २०१० साली ते काम थांबविण्यात आले. चौकशीत ही मरणे लसीने झाली नव्हती असे दिसले. परंतु पुष्कळ ठिकाणी आईबापांस नीट विचारलेच नव्हते, वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या वतीने सह्या केल्या होत्या, हेही दिसले. पहिली गोष्ट सांगणारे दुसरी झाकतात, आणि दुसरी सांगणारे पहिली. मलकोवालात चिमटा पडला होता हे ज्यास सांगावयाचे आहे, त्याने तेथे एकोणीस माणसे मेली हेही सांगितले पाहिजे.

दोषमुक्त झाल्यावर हाफकिन हिंदुस्थानात परतले, पण परळची जागा त्यांस मिळाली नाही. कलकत्त्यास एका लहान प्रयोगशाळेत त्यांनी सात वर्षे काम केले व वयाच्या ५५व्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. पुढील दिवस त्यांनी फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये आपल्या पूर्वजांच्या धर्माचे नियम पाळीत घालविले, आणि आपली मिळकत यहूदी मुलांच्या धर्मशिक्षणास दिली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला. त्याआधी पाच वर्षे, सन १९२५ साली, परळच्या प्रयोगशाळेस सरकारने त्यांचे नाव दिले होते.

त्या संस्थेपासून थोड्याच अंतरावर सन १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. कर्करोगाच्या उपचारासाठी आमच्या गावांतील लोक आजही तेथेच जातात. त्यांत गर्भाशयाच्या मुखाच्या रोगाने गांजलेल्या बायका पुष्कळ असतात. कागदांची पिशवी काखेत धरून, परळ स्टेशनावर उतरून, त्या वाट विचारीत चालू लागतात.