राज्य गेलं, सूर राहिले

शाळेच्या इतिहासात व्यंकोजीराजे येतात, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. ते दक्षिणेत गेले, तंजावरला राज्य केलं, एवढं वाचून आपण पान उलटतो. त्या मराठी घराचं पुढे काय झालं, हे मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. आमच्या नांदगावहून तंजावर म्हणजे दुसरं टोकच! पण मैत्रिणींनो, कर्नाटक संगीतात व्हायोलिन आज घरचं झालंय, त्यात या मराठी दरबाराचा मोठा वाटा आहे. म्हणून आज दुसऱ्या सरफोजीराजांची गोष्ट.

त्यांचा जन्म १७७७ चा. तंजावरच्या तुळजाजीराजांना वारस नव्हता. त्यांनी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतल्या या दहा वर्षांच्या मुलाला १७८७ मध्ये दत्तक घेतलं आणि लवकरच डोळे मिटले. मग काय, नेहमीचंच! दत्तक नामंजूर ठरलं, चुलते अमरसिंग गादीवर बसले आणि पोरकं पोर वाड्यात कोंडल्यासारखं राहिलं.

त्याच्या मदतीला धावले एक जर्मन पाद्री, श्वार्ट्झ. तुळजाजींनी मुलाला त्यांच्याच हवाली केलं होतं. त्यांनी खटपट करून त्याला मद्रासला हलवलं आणि शिक्षणाची व्यवस्था केली. हे श्वार्ट्झ हाले शहरात शिकलेले. हाले म्हणजे हँडल या थोर संगीतकाराचं जन्मगाव. श्वार्ट्झ १७५० साली भारतात आले, त्याच साली जर्मनीत बाख वारला. साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपच्या संगीताला बरोक म्हणतात. बाखच्या मृत्यूबरोबर तो काळ संपला, असं मानायची पद्धत आहे.

हे बरोक म्हणजे नेमकं काय? व्हायोलिन खऱ्या अर्थाने मोठं झालं ते याच काळात. इटलीतल्या क्रेमोना गावात स्त्रादिवारीने आपली व्हायोलिनं घडवली ती तेव्हाच. हार्पसिकॉर्ड नावाची पेटी होती, पट्टी दाबली की आत तार छेडली जायची. चर्चमध्ये मोठमोठे ऑर्गन घुमायचे. कंचेर्तोमध्ये एक वादक आणि सगळा ताफा यांचे जणू सवालजवाब चालायचे. स्वीट म्हणजे नाचाच्या चालींची माळ, संथ चाल, मग जलद, पुन्हा संथ, अशी ठरलेल्या क्रमाने ओवलेली.

१७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. पण सुख वर्षभराचंच! १७९९ च्या तहात कंपनी सरकारने सगळा कारभार स्वतःकडे घेतला. राजांकडे किल्ला, आसपासचा मुलूख आणि ठरलेला तनखा उरला. वय अवघं बावीस. हाती सत्ता नाही, लढाई नाही. अशा वेळी माणूस ऐषारामात बुडायचा. या माणसाने मात्र पुस्तकं जमवली.

सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हजारो पोथ्यांशेजारी युरोपातली पुस्तकं आणून ठेवली. छापखाना काढला. तिथे १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ देवनागरीत छापलं गेलं. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या. स्वतः मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक रचलं. त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई इंद्राणीला अख्ख्या जगाचा भूगोल ऐकवते. बाईच्या तोंडी भूगोल, तोही दोनशे वर्षांपूर्वी!

आणि संगीत. राजांनी युरोपियन पद्धतीचा बँड उभा केला, तिकडच्या स्वरलिपीची पुस्तकं मागवली. त्यांच्याच दरबारी वराहप्पय्यर व्हायोलिन शिकले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊही तिथलेच. आजच्या भरतनाट्यममधला अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा क्रम त्यांनी बसवला. मला त्या बरोक माळेचीच आठवण होते. धाकट्या वडिवेलूने व्हायोलिन आपलंसं केलं. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिलं.

गंमत बघा, वाद्य तेच ठेवलं, पण बसणं बदललं. मांडी घालून, एक टोक पावलावर टेकवून वाजवायचं. तारा लावायच्या सा-प-सा-प अशा. साहेबाचं वाद्य गमक घ्यायला शिकलं!

श्वार्ट्झना राजे वडिलांसारखे मानत. पण धर्म आपलाच ठेवला. पाद्री गेल्यावर इंग्लंडच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. तिकडे बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. दोन्ही कामं एकाच माणसाची.

मुक्तांबा ही त्यांची प्रिय स्त्री, लग्नाची राणी नव्हे. ती तरुणपणीच गेली. आपल्या नावाने अन्नछत्र असावं, अशी तिची इच्छा होती म्हणतात. ओरत्तनाडला ते उभं राहिलं. राजांच्या छत्रांत वाटसरूंना जेवण मिळे आणि वाटेत एखादी बाई बाळंत झाली तर सुईण, औषध, पथ्याचं खाणंही. वंशावळीत जागा नसलेल्या बाईचं नाव असं टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

१८३२ मध्ये सरफोजी गेले. मुलगा शिवाजी १८५५ मध्ये वारला. त्याला मुलगा नव्हता, हे कारण पुढे करून कंपनीने गादीही संपवली. ग्रंथालय मात्र उभं आहे.

आपल्याकडे मुलीने व्हायोलिन शिकते म्हटलं की घरातलं कुणीतरी विचारतं, हे कुठे आपलं? भजनातली पेटी तरी कुठली हो? तीही युरोपातूनच आली. शिकू द्या पोरीला. मांडी घालून वाजवायचं की उभं राहून, ते तिचं ती ठरवेल.