एडिसनच्या बरणीतलं बिल

थॉमस एडिसन म्हटलं की बल्ब आठवतो. पण वीज विकायची तर ती मोजायची कशी, हे कोडंही त्यालाच पडलं होतं!

१८४७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत जन्मलेला हा पोरगा रेल्वेत पेपर विकायचा. पुढे तारयंत्र चालवायला शिकला. १८७९ मध्ये त्याचा बल्ब जमला, १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू झालं. सुरुवातीचे काही महिने तर बिलच नव्हतं!

मग आला बरणीतला मीटर. द्रावणात जस्ताच्या दोन पट्ट्या. वीज वापरली की एकीवरचं जस्त दुसरीवर जायचं. कंपनीचा माणूस पट्ट्या नेऊन वजन करायचा, त्यावरून बिल. थंडीत द्रावण गोठू नये म्हणून आत चक्क एक दिवा! गोची एकच, घरातल्यांना त्यातलं काहीच वाचता यायचं नाही. विश्वास ठेवा आणि पैसे भरा.

एडिसन १९३१ मध्ये गेला. आजचा स्मार्ट मीटर तासातासाचा वापर मोबाइलवर दाखवू शकतो. पण नुसता मीटर बसवून वीज वाचत नाही. आकडा बघून एसी बंद करणारं बोट आपलंच लागतं. अ‍ॅप उघडलंच नाही, तर आपल्या भिंतीवरही बरणीच टांगलीय समजा.