सावित्रीबाई फुले : हिंसा-प्रतिबंधाचे कार्य

प्रास्ताविक

सावित्रीबाई फुले यांची ओळख आपल्याला प्रामुख्याने शिक्षिका आणि कवयित्री म्हणून आहे. या घटकात आपण त्यांच्या कार्याची आणखी एक बाजू पाहू. स्त्रीवर अन्याय झाल्यावर केवळ हळहळ व्यक्त न करता, तो घडण्यापूर्वीच रोखण्याचा मार्ग त्यांनी शोधला.

जीवनपरिचय

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४० मध्ये त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांनी त्यांना शिकविले. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई अध्यापन करू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई. तरी त्यांनी काम सोडले नाही. १८५४ मध्ये 'काव्यफुले' हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

बालहत्या प्रतिबंधक गृह

१८५६ च्या कायद्याने विधवाविवाहास मान्यता दिली, परंतु रूढी बदलली नाही. फसविल्या गेलेल्या गर्भवती विधवेपुढे आत्महत्या किंवा बालहत्या याखेरीज मार्ग उरत नसे. पुरुष नामानिराळा राही. शिक्षा तिलाच होई. फुले दांपत्याच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या ब्राह्मण विधवेने अशाच संकटात आपल्या अर्भकाचा जीव घेतला व तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या घटनेनंतर १८६३ मध्ये फुले दांपत्याने आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे गुप्तपणे बाळंत होण्याची सोय होती. १८८४ पर्यंत ३५ विधवांनी तिचा आश्रय घेतला. त्यांची व बालकांची शुश्रूषा सावित्रीबाई करीत. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला.

नायगावची घटना

२९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात सावित्रीबाईंनी एक प्रसंग कळविला आहे. गणेश हा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार समाजातील तरुणी यांचे प्रेमसंबंध उघड झाले. सारजा गर्भवती होती. संतप्त गावकरी दोघांना मारहाण करीत गावातून फिरवू लागले. त्यांना ठार मारण्याचा बेत होता. सावित्रीबाई धावत तेथे पोहोचल्या. खून केल्यास इंग्रजी कायद्याने कोणती शिक्षा होईल, हे त्यांनी जमावाला समजावले. गाव सोडण्याच्या अटीवर दोघांचे प्राण वाचले. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्यास जोतीरावांकडे पाठविले.

येथे गावाचे मन पालटले असे म्हणता येत नाही. दोघांना गाव सोडावेच लागले. मात्र हाती कोणतेही अधिकारपद नसताना, कायद्याचे ज्ञान आणि निर्भय वाणी यांच्या बळावर एका स्त्रीने हत्या टाळली.

समारोप

१८९७ च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. आश्रय, कायद्याची जाणीव आणि वेळीच हस्तक्षेप या त्यांच्या कार्याच्या तीन अंगांवर आजही गावपातळीवरील हिंसा-प्रतिबंधाचे काम उभे राहते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बालहत्या प्रतिबंधक गृहाच्या स्थापनेमागील सामाजिक कारणे स्पष्ट करा.
२. नायगावच्या घटनेत सावित्रीबाईंना काय साधता आले व काय साधता आले नाही, याची चर्चा करा.