मुक्यांचा कैवार : पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी ते खिडकीतून पाहिले असेल. ज्यांना जगात बोलावयास तोंड नव्हते, अशा शेकडो स्त्रियांना तेथील माळावर एका विधवा बाईने आश्रय दिला. त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही यंदा आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या वडीलधाऱ्यांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. स्त्रीने संस्कृत शिकू नये अशी त्या काळची समजूत असतानाही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली. आणि मातेने ती रमेस दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरे. पुढे दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. शास्त्रीबोवांजवळचे द्रव्य संपले, भांडीकुंडी विकली गेली, आणि काही महिन्यांच्या अंतराने पिता, माता व वडील बहीण ही तिघेही अन्नावाचून गेली. भूक म्हणजे काय हे रमाबाई पुस्तकातून शिकल्या नाहीत. पुढे दुष्काळपीडितांसाठी त्या जे झटल्या, त्याचे मूळ आम्हांस येथेच दिसते.

भाऊ श्रीनिवास याच्यासह शेकडो कोस पायी चालून 1878 साली त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. परंतु सुख फार काळ टिकले नाही. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन मोडून विवाह केला. तेही 1882 च्या आरंभी पटकीने गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच साली शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांना वैद्यकी शिकवावी, कारण पुरुष वैद्याला दाखविण्याच्या संकोचाने कित्येक स्त्रिया प्राणास मुकतात, असे त्यांनी मोठ्या अधिकाऱ्यांना निर्भयपणे सांगितले. तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. लंडनजवळ, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची शुश्रूषा ख्रिस्ती भगिनी ममतेने करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. अशांचा तिरस्कार न करता त्यांना जवळ करण्याची प्रेरणा कोठून येते, या प्रश्नाने त्यांचे मन ढवळून निघाले. विहिरीजवळ शोमरोनी स्त्रीशी प्रभू येशू जे बोलला, तो शुभवर्तमानातील भाग वाचून त्यांना उत्तर सापडले. त्याच वर्षी 29 सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मात्र त्यांनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. धर्ममतांविषयी शंका आल्या तेव्हा त्या गुरुस्थानी असलेल्या भगिनींशीही त्यांनी आदराने, पण स्पष्टपणे वाद केला.

पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन व ग्रंथ लिहून त्यांनी साहाय्य मिळविले, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईस विधवांसाठी शारदा सदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. सदनात कोणासही बाटवावयाचे नाही असा नियम होता. परंतु बाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, व काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून 1893 साली पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या स्त्रीशिक्षणाच्या खऱ्या मित्रांनीही सल्लागार मंडळ सोडले, आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंस सद्हेतू होता असेच आम्ही म्हणू. पण बाईंनी दार लावून घेतले नाही.

चारच वर्षांनी त्यांच्या निष्ठेची निराळी कसोटी लागली. 1897 साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने घरझडत्या सुरू झाल्या, व माणसे इस्पितळांत आणि छावण्यांत नेली जाऊ लागली. तेथे गरीब स्त्रियांच्या अब्रूची काळजी घेतली जात नाही, असे बाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते लिहिणे खोटे ठरविले. ते वर्षच असे होते, की त्याच साली लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली कारागृहात जावे लागले. राज्यकर्त्यांचा धर्म तोच बाईंचा धर्म. तेव्हा त्या गप्प राहतील असे पुष्कळांस वाटले असेल. परंतु ज्या पुण्याने त्यांना नावे ठेविली, त्याच पुण्यातील दीन स्त्रियांचे गाऱ्हाणे त्यांनी वेशीवर टांगले. आमच्या मते त्यांच्या ख्रिस्तभक्तीचा खरा कस येथे दिसून आला. धर्म एक म्हणून अन्यायावर पांघरूण घालणे, ही धर्माची सेवा नव्हे.

याच सुमारास मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः तेथे गेल्या व सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी सोडवून आणिल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवणे अशक्य झाले, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच मुक्तिसदन होय. 1900 च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या जवळपास गेली. कोणी शेती करी, कोणी विणी, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. आंधळ्या मुलींनाही वाचावयास शिकविले जाई. साध्या बायकांना कळावे म्हणून बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे सुलभ मराठीत भाषांतर केले. 1921 साली त्यांच्या उजव्या हातासारखी असलेली मनोरमा वारली. तरीही काम न टाकता 5 एप्रिल 1922 रोजी बाई देवाघरी गेल्या. त्यांचे बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले.

विद्यार्थीमित्रहो, थोरांची चरित्रे वाचून केवळ वाहवा करणे सोपे असते. तुमच्या वर्गात फाटका सदरा घालून येणारा व सर्वांच्या थट्टेचा विषय झालेला एखादा मुलगा असेल. त्याच्या वतीने एक शब्द बोलून पाहा, म्हणजे धैर्य किती लागते ते कळेल. आणि पालकहो, अनंतशास्त्र्यांनी लोकापवाद सोसून घरातील स्त्रीच्या हाती पोथी दिली नसती, तर पुढील हजारोंना आश्रय कोठून मिळाला असता, याचा विचार आपल्या मुलीस शाळेतून काढण्यापूर्वी अवश्य करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.