माळरानावरचे मास्तर



जाँ-आंरी फाब्र यांचा जन्म १८२३ साली फ्रान्समधील सॅं-लेओं या खेड्यात गरीब घरात झाला. पुढे ते मास्तर झाले. ॲव्हिन्यॉन शहरात तुटपुंज्या पगारावर शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी उन्हात पालथे पडून कीटक न्याहाळायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी विद्वान मंडळी मेलेल्या कीटकांना टाचण्या टोचून अभ्यास करीत. फाब्र जिवंत कीटकांजवळ बसले. एक गांधीलमाशी आपल्या पिलांसाठी भुंगेरे पकडून बिळात साठवते. ते मेलेले असूनही कुजत नाहीत, कारण माशीच्या विषाने ते टिकून राहतात, असे लेओं द्युफूर या नामवंत शास्त्रज्ञाचे मत होते. फाब्र यांनी १८५५ साली दाखवून दिले, की भुंगेरे मेलेलेच नसतात. माशी नेमकी मज्जाकेंद्रावर नांगी मारते, त्यामुळे भक्ष्य लुळे होते, पण ताजे राहते. आपल्या भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारमाशीसुद्धा असेच अळ्यांना लुळे करून आत कोंडते.

पुढची गोष्ट लिहिताना आम्हां धर्मगुरूंना संकोच वाटतो, पण ती लपवण्यात अर्थ नाही. फाब्र संध्याकाळी मोफत वर्ग घेत आणि मुलींनाही तिथे प्रवेश होता. फुलाचे परागीकरण कसे होते, हे त्यांनी मुलींसमोर समजावून सांगितले. एवढ्यावरून शहरातील सनातनी मंडळींनी ओरड केली, आणि त्यांत आमच्यासारखे झगेवालेही होते. १८७० साली फाब्र यांची नोकरी सुटली. घरमालकिणींनीही घर सोडायला सांगितले. पदरी लेकरे आणि हाती पैसा नाही! अशा वेळी ३,००० फ्रँक उसने दिले ते जॉन स्टुअर्ट मिल यांनी. सेमिनरीत आम्ही अभ्यासलेले हे इंग्रज तत्त्वज्ञ काही श्रद्धावंत नव्हते. शुभवर्तमानातील शोमरोनी माणूस आठवल्यावाचून राहत नाही. फाब्र यांनी ते पैसे पुढे फेडले.

मग ते मुलांसाठी सोप्या भाषेत विज्ञानाची पुस्तके लिहून पोट भरू लागले. १८७७ साली त्यांचा लाडका मुलगा ज्यूल वारला. तो त्यांच्याबरोबर कीटक शोधत हिंडायचा. या दुःखाने फाब्र खचले, पण १८७९ साली सेरिन्यॉं गावाजवळ त्यांनी दगडधोंड्यांची एक पडीक जमीन घेतली. काट्याकुट्यांचे ते रान शेतीला निरुपयोगी, पण कीटकांना अगदी सोयीचे. उरलेली ३६ वर्षे त्यांनी तिथेच काढली. त्यांच्या 'कीटकविषयक आठवणी' या ग्रंथाचे दहा खंड १८७९ ते १९०७ या काळात आले. त्यांची भाषा कुणाही साध्या वाचकाला कळेल अशी आहे.

त्यांतला सुरवंटांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. पाइन वृक्षावरचे सुरवंट एकामागोमाग रांगेने चालतात. फाब्र यांनी कुंडीच्या काठावर त्यांची गोल साखळी जुळवली. पुढारी कोणीच नाही! थंडीत, उपाशीपोटी ते सात दिवस फिरत राहिले. (प्रवचनाचा मोह आवरतो.)

उत्क्रांतिवाद फाब्र यांनी कधीच स्वीकारला नाही, तरी डार्विन यांनी त्यांच्या निरीक्षणांची थोरवी मानली. कीटकांची उपजत बुद्धी निर्मात्याने दिली आहे, असे फाब्र मानत. आमच्या मते उत्क्रांतीच्या बाबतीत ते चुकले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली स्पष्ट केले, की उत्क्रांतिवाद आता केवळ एक तर्क राहिलेला नाही. पण फाब्र यांनी डोळ्यांनी पाहून लिहिलेले पुष्कळसे अजून टिकून आहे.

११ ऑक्टोबर १९१५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते त्याच घरी वारले. ते घर आणि तो माळ आज संग्रहालय म्हणून जपला आहे.